ऐकणाऱ्याचे कष्ट आपण आधीच उचलावेत

पॉडकास्ट ऐकणारा माणूस क्वचितच नुसता बसून ऐकतो. त्याचे हात कणकेत असतात, गाडीच्या स्टिअरिंगवर असतात, लोकलच्या कडीला धरलेले असतात. डोळे रस्त्यावर किंवा शेगडीवरच्या दुधावर असतात. मोकळे असतात ते फक्त कान. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना त्यामागची प्रमुख कारणे विचारली. तेव्हा ६० टक्क्यांनी करमणूक हे कारण सांगितले, ५५ टक्क्यांनी काही शिकायला मिळणे आणि ५२ टक्क्यांनी दुसरे काम करताना ऐकायला काहीतरी असणे. पहिली दोन कारणे पुस्तकालाही लागू पडतात आणि सिनेमालाही. तिसरे मात्र कानाच्या माध्यमाचे खास आहे. श्रोता चांगल्या पॉडकास्टमध्ये काय शोधतो, याचे उत्तर या तिसऱ्या कारणापासून शोधायला लागावे असे मला वाटते.

वाचक अडला तर ओळ पुन्हा वाचतो, कंटाळला तर परिच्छेद गाळून पुढे जातो, आकडा विसरला तर मागचे पान उलटतो. श्रोत्याला हे जमत नाही. ॲपमध्ये मागे-पुढे जाण्याची बटणे असतात हे खरे, पण पिठाच्या हाताने किंवा दुचाकी चालवताना ती कोण दाबणार? वाक्य एकदा कानावरून गेले की गेले. म्हणून समजून घेण्यासाठीचे जे कष्ट वाचक स्वतः करतो, ते श्रोत्याच्या वतीने पॉडकास्ट करणाऱ्याने आधीच करून ठेवायला हवेत. निवड करणे, क्रम लावणे, पाल्हाळ काढणे, अवघड शब्द सोडवणे, खरे-खोटे तपासणे हे ते कष्ट. स्वच्छ आवाज, नीट बांधणी, अभ्यासलेले प्रश्न, सचोटी, नियमितपणा ही चांगल्या पॉडकास्टची लक्षणे म्हणून सांगितली जातात. ती सगळी या एकाच जबाबदारीची निरनिराळी रूपे आहेत. मराठीत पॉडकास्ट सुरू करू पाहणाऱ्यांनी यादी पाठ करण्यापेक्षा ही जबाबदारी नीट ओळखली, तर यादीत नसलेले निर्णयही त्यांना घेता येतील.

ऐकणारा कोण आहे?

पॉडकास्ट करणाऱ्यांच्या मनात श्रोत्याचे एक चित्र असते: एकटा माणूस, त्याला सोबत हवी, म्हणून आपण गप्पा मारत राहिलो तरी चालेल. २०२२ मध्ये स्टेफनी टोबिन आणि रोझाना ग्वाडाग्नो या संशोधकांचा एक अभ्यास ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. ३०६ प्रौढांच्या या पाहणीत असे दिसले की, ज्यांच्यात कुतूहल जास्त, विचार करण्याची आवड जास्त आणि नव्या अनुभवांची ओढ जास्त, ते पॉडकास्ट ऐकणारे असण्याची शक्यताही जास्त. इतरांत सामावले जाण्याची गरज ज्यांना तीव्रतेने वाटते, त्यांच्यात मात्र ही शक्यता कमी आढळली. तीनशे लोकांच्या उत्तरांवरून साऱ्या जगाबद्दल बोलू नये आणि कशामुळे काय होते हेही अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण सोबत हवी म्हणून काहीही ऐकणारा श्रोता हे चित्र मनातून पुसायला एवढा पुरावा पुरेसा आहे. समोर बसलेला माणूस जिज्ञासू आहे असे धरून चालणे अधिक शहाणपणाचे.

निवेदकाच्या आवाजाशी श्रोत्याचे नाते जडते, हे मात्र खोटे नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकांबद्दल प्रेक्षकांना वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले होते. आपल्याकडे आकाशवाणीच्या निवेदकांचे आवाज घरातल्या माणसांसारखे ओळखीचे झाले, ते याच कारणाने. हेडफोनमधून थेट कानात येणारा आवाज तर अधिकच जवळचा. पण ही जवळीक मागून मिळत नाही. ‘मित्रांनो, आपण एक कुटुंब आहोत’ असे दर भागात म्हटल्याने ती वाढत नाही. या माणसाचे ऐकले की आपला वेळ सार्थकी लागतो, हे पुन्हा पुन्हा अनुभवाला आले की ती आपोआप तयार होते. म्हणून आधी कुतूहल भागवावे. सोबत त्यामागून येते.

आवाज स्वच्छ का हवा?

आशय दमदार असेल तर आवाज थोडा कमी-जास्त चालतो, असे अनेकांना वाटते. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याच समजुतीची परीक्षा घेणारे होते. शास्त्रज्ञांचे तेच बोलणे त्यांनी काहींना स्वच्छ आवाजात आणि काहींना खराब आवाजात ऐकवले. शब्द तेच होते आणि माणूसही तोच. तरी खराब आवाजात ऐकणाऱ्यांना ते संशोधन कमी महत्त्वाचे वाटले आणि बोलणाराही कमी हुशार वाटला. शब्द ओळखण्यातच श्रोत्याची शक्ती खर्ची पडली की आशयाचे मोल त्याच्या लेखी उतरते आणि दोष तो माइकला देत नाही, बोलणाऱ्याला देतो. एखाद्या शेतकऱ्याचा, परिचारिकेचा किंवा लोककलावंताचा मोलाचा अनुभव आपण घुमणाऱ्या खोलीत मुद्रित करतो, तेव्हा नुकसान त्या पाहुण्याचे होते. ध्वनिमुद्रणाची काळजी घेणे हा म्हणूनच पाहुण्याचा मान राखण्याचा भाग आहे.

यासाठी महागडा स्टुडिओ लागत नाही. आपल्या घरांत फरशी कडक, भिंती उघड्या आणि सामान थोडे, त्यामुळे आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या, जाड पडदे, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांच्या सान्निध्यात बसले की तो बराच शोषला जातो. छताचा पंखा बंद ठेवावा, कारण त्याची घरघर पुढे सहजी काढता येत नाही. कुकरच्या शिट्ट्यांची आणि शाळा सुटण्याची वेळ टाळावी. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका ठेवावा. मराठीत ख, घ, फ, भ हे महाप्राण वर्ण सतत येतात आणि समोरासमोर बोलले तर त्यांचा वारा माइकवर आदळून फटफट असा आवाज येतो. दोघे बोलणार असतील तर दोघांना स्वतंत्र माइक द्यावा आणि दोन्ही आवाज वेगवेगळे मुद्रित करावेत, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याचे वाक्य खराब करणार नाही. पाहुणा दुसऱ्या गावी असेल, तर त्याने आपल्या फोनवरही स्वतःचा आवाज मुद्रित करून नंतर पाठवावा. इंटरनेटवरून आलेला तुटक आवाज मग वापरावा लागत नाही. शेवटी आवाजाची पातळी सारखी करावी. ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या पातळीचे एकक) आसपास आहे आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती साधता येते. हे केले नाही तर एकाच्या बोलण्याला आवाज वाढवायचा आणि दुसऱ्याच्या हसण्याला कमी करायचा, हे काम भर रस्त्यात श्रोत्याच्या गळ्यात पडते.

बांधणी: कीर्तनकाराकडून शिकावे

बांधणी कशी असावी हे शिकायला मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याचे निरूपण करतो. उत्तररंगात त्याच सूत्राला धरून एखादे आख्यान सांगतो आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगावर येतो. देवळाच्या सभामंडपात लहान मुले, म्हातारी माणसे, उशिरा येणारे, मध्येच उठणारे असे सगळेच असतात. त्यांतल्या प्रत्येकाला धागा सापडावा म्हणून सूत्र आधी सांगायचे, कथेने ते मनात रुजवायचे आणि मधूनमधून ध्रुपद घोळवायचे, अशी ही रचना घडली. हातात पान नसलेल्या श्रोत्यासाठी ती अजूनही चपखल आहे. पॉडकास्टच्या पहिल्या मिनिटात आज कोणता प्रश्न सोडवायचा आहे ते सांगावे. पाहुण्याचा दहा ओळींचा परिचय, आधीच्या भागांची उजळणी, सबस्क्राइब करण्याची विनंती हे सगळे नंतर येऊ शकते. मग प्रसंग, माणसे, पुरावे यांतून तो प्रश्न पुढे न्यावा, मध्यावर आपण कुठवर आलो ते एका वाक्यात सांगावे आणि शेवट मूळ प्रश्नाच्या उत्तरावर करावा.

एका भागाला एकच प्रश्न असावा, हा या बांधणीचा गाभा. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘सीरियल’ या अमेरिकन पॉडकास्टने साऱ्या जगाचे लक्ष या माध्यमाकडे वळवले आणि पुढच्या वर्षी पीबडी पुरस्कार मिळवणारा तो पहिला पॉडकास्ट ठरला. १९९९ मध्ये बाल्टिमोरला झालेल्या एका खुनाच्या तपासाची ती १२ भागांची मालिका होती. शेकडो कागदपत्रे, अनेक साक्षीदार आणि परस्परविरोधी जबाब अशी सामग्री असूनही श्रोते हरवले नाहीत, याचे मोठे श्रेय विभागणीला द्यावे लागेल. एका भागात तर सारा रोख एकाच गोष्टीवर आहे: शाळेतून निघून एका दुकानाच्या आवारापर्यंत २१ मिनिटांत पोचता येते का? निवेदक सारा केनिग आणि तिची सहकारी तो रस्ता प्रत्यक्ष गाडीने पार करतात. श्रोत्याच्या मनात एकच मोजपट्टी राहते आणि म्हणून तपशील कितीही आले तरी ते कुठे ठेवायचे हे त्याला कळते. ‘शेतीचे प्रश्न’ किंवा ‘आजची तरुणाई’ अशा विषयावर केलेल्या भागात ही सोय नसते. ‘कांद्याचा भाव कोसळतो तेव्हा साठवणूक करणाऱ्याला काय परवडते?’ असा प्रश्न घेतला की भाग आपोआप उभा राहतो.

कानासाठीचे वाक्य

बांधणीइतकीच वाक्याची घडण महत्त्वाची आहे आणि इथे मराठीची स्वतःची अडचण आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते. लेखी मराठीत आपण नामाच्या आधी विशेषणांची आणि ‘केलेल्या-झालेल्या’ची माळ लावतो. डोळ्यांना ती पेलते, पण कानाला क्रियापद येईपर्यंत सगळे ओझे धरून ठेवावे लागते. ‘१९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या व सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेल्या गीतरामायणात ५६ गीते आहेत’ हे वाक्य छापील पानावर खपून जाईल. माइकसमोर ते असे सुटे करावे: ‘गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. दिवस रामनवमीचा, साल १९५५. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. गीतं एकूण छप्पन्न.’ माहिती तेवढीच आहे, पण प्रत्येक घास वेगळा भरवला आहे. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘त्या अनुषंगाने’ हे कागदावरचे शब्द कानात परके वाटतात. ‘त्याने त्याला सांगितले’ या वाक्यातला ‘तो’ कोण, हे ऐकणाऱ्याला शोधावे लागते, म्हणून नाव पुन्हा घ्यावे.

आकड्यांना तर विशेष जपावे. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी कानाला सहज सारखे लागतात आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तरुणांना या संख्या चटकन उमगत नाहीत. एका वाक्यात एकच आकडा असावा आणि तो शक्यतो मनात उभा राहील अशा रूपात द्यावा. ‘३९.२ टक्के’ यापेक्षा ‘दर दहा घरांतली जवळपास चार घरं’ हे जास्त काळ टिकते. आकडा नेमका द्यायचाच असेल तर तो सांगून त्याचा अर्थही लगेच सांगावा. यात आशय पातळ होत नाही. मोजमाप करण्याचे काम श्रोत्याऐवजी आपण करतो, इतकेच.

मुलाखत आणि तयारी

मराठीत आज सर्वाधिक पॉडकास्ट गप्पांचे आणि मुलाखतींचे आहेत. सौमित्र पोटे यांचा ‘मित्रम्हणे’ किंवा ओंकार जाधव आणि शार्दुल कदम यांचा ‘अमुक तमुक’ ही त्यांतली ओळखीची नावे. मुलाखत सोपी वाटते, कारण बोलायचे पाहुण्याने असते. प्रत्यक्षात तयारीची सर्वात मोठी परीक्षा तिथेच असते. बीबीसी रेडिओ ४ वरचा ‘इन अवर टाइम’ हा कार्यक्रम १९९८ मध्ये सुरू झाला आणि पाव शतकाहून अधिक काळ मेल्विन ब्रॅग यांनी तो चालवला. एक विषय, तीन प्राध्यापक आणि सुमारे ४५ मिनिटे हे त्याचे सूत्र. एका आठवड्याला प्राचीन तत्त्वज्ञान, तर पुढच्या आठवड्याला भौतिकशास्त्र. एवढे वेगवेगळे विषय सामान्य श्रोत्याला पेलतात, कारण कुणाला कधी काय विचारायचे याचा क्रम आधी ठरलेला असतो आणि तज्ज्ञ गुंतागुंतीत शिरू लागला की सूत्रधार त्याला मूळ मुद्द्यावर आणतो. तुमच्या पाहुण्याबद्दल सहज मिळणारी सगळी माहिती आधी वाचा. ज्या प्रश्नांची उत्तरे त्याने अनेकदा दिली आहेत, ते प्रश्न वगळा किंवा एका वाक्यात स्वतःच सांगून पुढे जा. प्रश्न छोटा ठेवा. ‘तुमचा प्रवास कसा होता?’ या प्रश्नाला पाठ झालेले उत्तर मिळते. ‘पहिला पगार थकला त्या महिन्यात घर कसं चालवलं?’ याला आठवून दिलेले उत्तर मिळते. आणि पाहुण्याने जड शब्द वापरला की संकोच न करता ‘म्हणजे काय?’ असे विचारा. तो प्रश्न हजार श्रोत्यांच्या मनात त्याच क्षणी आलेला असतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. इतकी तयारी केली तर गप्पांतला मोकळेपणा जाईल, लोकांना तर उत्स्फूर्त बोलणेच आवडते, असा तो आक्षेप. लोकांना उत्स्फूर्तता आवडते हे बरोबर आहे, पण ती कुठून येते ते पाहायला हवे. गायक मैफलीत नवी जागा घेतो ती रियाजाच्या बळावर. कीर्तनकार समोरच्या श्रोत्यांकडे पाहून आख्यान वळवतो, कारण मूळ आख्यान त्याला मुखोद्गत असते. ज्याला पुढचा प्रश्न कोणता हीच चिंता असते, त्याचे पाहुण्याच्या बोलण्याकडे लक्ष नसते आणि हातात आलेला सुंदर धागा निसटून जातो. तयारी असलेला माणूस निवांत ऐकू शकतो आणि गरज पडली तर सगळी प्रश्नावली बाजूला ठेवू शकतो. मोकळेपणाला मारक असते ते समोर कागद धरून वाचणे. अभ्यासाला त्यासाठी दोष देऊ नये.

लांबी, दृश्य आणि दोन मोठे आक्षेप

दुसरा आक्षेप लांबीचा. आज अर्ध्या मिनिटाच्या रील्सच्या काळात तासभर कोण ऐकणार, असे विचारले जाते. पुरावा वेगळेच सांगतो. अमेरिकेच्या डॅन कार्लिन यांनी ‘हार्डकोअर हिस्टरी’ या पॉडकास्टमध्ये पहिल्या महायुद्धावर सहा भागांची मालिका केली. ती वीस तासांहून मोठी आहे आणि तिला प्रचंड श्रोतृवर्ग मिळाला. मुंबईच्या अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ २०१७ मध्ये छोट्या भागांनी सुरू झाला आणि पुढे कित्येक तासांच्या संभाषणांपर्यंत पोचला, तरी त्याचे श्रोते टिकले, वाढले. दुसरीकडे ‘न्यू यॉर्क टाइम्स’चा ‘द डेली’ साधारण अर्ध्या तासात आटोपतो आणि तोही लोकांच्या रोजच्या सवयीचा भाग झाला. म्हणजे श्रोता मिनिटे मोजत नाही. त्याला खुपतो तो सैलपणा. प्रवासाला दीड तास लागणारा माणूस दीड तास ऐकेल, पण दहाव्या मिनिटाला आपला वेळ वाया चालला असे त्याला वाटले तर थांबेल. संपादन करताना प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारावा: हा काढला तर श्रोत्याचे काय जाईल? काहीच जाणार नसेल तर तो काढावा. तासाभराच्या मुद्रणातून चाळीस मिनिटे उरली, तर श्रोत्यांतल्या प्रत्येकाची वीस मिनिटे वाचली.

तिसरा आक्षेप असा की, पॉडकास्ट आता पाहिलाच जातो, त्यामुळे कानाचा एवढा विचार कशाला? यूट्यूबने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की, त्यांच्याकडे दरमहा १०० कोटींहून अधिक लोक पॉडकास्ट पाहतात-ऐकतात. मराठी पॉडकास्टचा मोठा भागही यूट्यूबवरच आहे. चेहरा दिसल्याने पाहुण्याची ओळख पटते, छोटे तुकडे समाजमाध्यमांवर फिरतात, त्यामुळे चित्रण करणे गैर नाही. पण चित्र सुरू असले म्हणजे श्रोता पडद्याकडे पाहतोच असे नाही. फोन ओट्यावर ठेवलेला असतो आणि भांडी घासली जात असतात. म्हणून ‘हे बघा’, ‘इथे दिसतंय तसं’ असे म्हणून सोडून देऊ नये. छायाचित्र दाखवले तर त्यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगावे. पाहुण्याने हाताने उंची दाखवली, तर ‘म्हणजे कमरेएवढी’ असे आपण म्हणावे. कानासाठी पूर्ण असलेला भाग पाहणाऱ्यालाही पूर्णच मिळतो, पण पाहणाऱ्यासाठी केलेला भाग ऐकणाऱ्याला अर्धाच पोचतो.

विश्वास ही ठेव आहे

वर सांगितलेल्या कष्टांत सर्वात न दिसणारे कष्ट म्हणजे खरे-खोटे पारखण्याचे. प्यूच्या त्याच पाहणीत, पॉडकास्टवर बातम्या ऐकणाऱ्यांपैकी ८७ टक्क्यांनी आपण ऐकतो त्या बहुतांशी अचूक असतील अशी अपेक्षा असल्याचे सांगितले. हा विश्वास मोठा आहे, आणि ऐकता ऐकता तपासून पाहण्याची सोय श्रोत्याकडे जवळजवळ नसते. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने २०१८ मध्ये ‘कॅलिफेट’ ही इस्लामिक स्टेटवरची मालिका केली. ती गाजली आणि तिला पीबडी पुरस्कार मिळाला. पण जिच्याभोवती मालिका उभी होती, ती एका माणसाची हकिकत विश्वासार्ह नव्हती हे पुढे उघड झाले. डिसेंबर २०२० मध्ये वृत्तपत्राने मालिका आपल्या निकषांना उतरत नसल्याचे जाहीर केले, पुरस्कार परत केला आणि संपादकांनी ध्वनिमुलाखत देऊन चूक मान्य केली. एवढ्या साधनसंपन्न संस्थेच्या हातून हे होऊ शकते, तर घरातून पॉडकास्ट करणाऱ्याने किती सावध असावे! रंगतदार हकिकत आवाजात ऐकली की ती खरीच वाटते, म्हणूनच ती दुसऱ्या मार्गाने पडताळायला हवी. चूक झाली तर पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच ती बोलून दाखवावी, कारण वर्णनातली लेखी दुरुस्ती ऐकणाऱ्याच्या नजरेला पडत नाही.

हीच सचोटी जाहिरातीत आणि सल्ल्यात लागते. निवेदकाच्या ओळखीच्या आवाजातली शिफारस मित्राच्या शिफारशीसारखी वाटते. म्हणून पैसे घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे स्पष्ट सांगणे हे कर्तव्य आहे. भारतातील जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी अशी मार्गदर्शक तत्त्वे आणली आहेत. औषधोपचार आणि गुंतवणूक या विषयांवर तर पाहुण्याची पात्रता, त्याचा त्या विषयातला आर्थिक हितसंबंध आणि त्याच्या मताची मर्यादा या तिन्ही गोष्टी सांगाव्यात. मधुमेहाची गोळी बंद केल्याचा किस्सा ऐकायला रंजक असतो, पण ऐकणाऱ्यांपैकी एकाने जरी तो सल्ला म्हणून घेतला तरी किंमत त्याचे शरीर मोजते.

नियमितपणा हाही विश्वासाचाच भाग आहे. गीतरामायणाची ५६ गीते दर आठवड्याला एक अशी, १९५५ च्या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत प्रसारित होत राहिली आणि लोकांनी आपला आठवडा त्या वेळेभोवती बांधला. आज वेळ श्रोता ठरवतो, तरी दर गुरुवारी भाग येतो ही खात्री त्याला हवीच असते. झेपेल तेवढेच वचन द्यावे. दर आठवड्याला जमत नसेल तर आठ भागांचे एक पर्व करावे, चार भाग हातात तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नये आणि पर्व संपले की तसे सांगावे. न सांगता थांबलेला पॉडकास्ट श्रोत्याला ताटकळत ठेवतो.

आपली भाषा, आपला श्रोता

शेवटचा आक्षेप मराठीपुरता आहे. इंग्रजी-हिंदीसमोर आपला श्रोता किती, असे म्हणून अनेक जण विषय गुळगुळीत करतात आणि भाषा धेडगुजरी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक नोंदले गेले. हिंदी आणि बंगालीनंतर ही देशातली तिसरी मोठी संख्या आहे. त्यांतले कित्येक महाराष्ट्राबाहेर राहतात आणि त्यांच्यासाठी मराठी मुख्यतः कानावर पडणारी भाषा आहे. त्यांच्या मुलांना देवनागरी वाचताना अडखळायला होते, पण आजीचे बोलणे समजते. अशा श्रोत्याला पुस्तकी प्रमाणभाषेपेक्षा जिवंत बोलणे हवे असते. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पाहुण्याला त्याच्याच भाषेत बोलू द्यावे आणि एखादा शब्द इतरांना अडेल असे वाटले तर निवेदकाने तो सहज उलगडावा. इंग्रजी शब्द रुळलेला असेल तर खुशाल वापरावा, पण मराठी शब्द आठवायचा आळस म्हणून वापरू नये. जगभराचे विषय इंग्रजीत उत्तम हाताळले जातात. गिरणगावातल्या चाळी, उसाच्या फडातले कोयते, कोकणातल्या बंद घरांच्या किल्ल्या यांबद्दल मात्र आपल्याखेरीज कोण बोलणार?

हे सगळे वाचून नोकरी-संसार सांभाळून पॉडकास्ट करू पाहणाऱ्याला वाटेल की, एकट्याने एवढे कसे पेलावे. सगळे एका दिवसात जमत नाही आणि जमायची गरजही नाही. क्रम लावायचा झाला तर आधी सत्य, मग शांत खोलीतला स्वच्छ आवाज, मग एका भागाला एक प्रश्न, मग वाक्ये आणि शेवटी बाकीची सजावट. आणि प्रत्येक भाग प्रसिद्ध करण्याआधी एक परीक्षा घ्यावी. ती फुकट आहे. हेडफोन लावा, भाग सुरू करा, फोन लांब ठेवा आणि घरातले एखादे काम हातात घ्या. केर काढा, भाजी निवडा, कपडे वाळत घाला. कुठे लक्ष उडाले, कुठे नाव कळले नाही, कुठे आवाज वाढवावासा वाटला, कुठे ‘हे पुन्हा ऐकायला हवे’ असे झाले, ते मनात ठेवा आणि काम संपल्यावर त्या जागा दुरुस्त करा. भाजी निवडून झाली आणि मधे एकदाही फोनकडे जावे लागले नाही, तर भाग लोकांसमोर ठेवायला तयार आहे.